अंगठेबहाद्दर

चिनी भाषेतली पहिली चार अक्षरं मी चाकणच्या एका गोदामात शिकले, पुठ्ठ्याच्या खोक्यावरून. मी खरेदी विभागात काम करते. पंपांना लागणारी सील, बेअरिंगं असा माल चीनहून यायचा आणि प्रत्येक खोक्यावर काचेच्या पेल्याच्या आणि छत्रीच्या चित्राखाली तीच चार अक्षरं असायची. एकदा निंगपोच्या पुरवठादाराकडच्या मुलीला फोनवर सहज विचारलं, हे काय असतं गं? ती म्हणाली, ‘श्यावशिन छिंगफांग.’ जपून, हलकेच ठेवा. मग हसून तिनं एकेक अक्षर सोडवून दाखवलं. श्याव म्हणजे लहान, शिन म्हणजे हृदय. ही दोन जोडली की ‘सावधान’.

लहान काळीज म्हणजे सावधपण. त्या दिवशी खोकी मोजण्यात माझी दोनदा चूक झाली.

याला बारा वर्षं झाली. तेव्हापासून माझ्या डोक्यात एक खोली आहे. चीनमधल्या छंग्तू शहरातल्या एखाद्या जुन्या वस्तीत, दुसऱ्या मजल्यावर. खिडकीत वाळत घातलेले कपडे, टेबलावर गरम पाण्याचा थर्मास, कोपऱ्यात बांबूची खुर्ची. सकाळी उठून मी खाली भाजी घ्यायला जाते, घासाघीस करते, नळ गळतो म्हणून प्लंबरशी भांडते, आणि हे सगळं त्यांच्या भाषेत. मला चीनची भिंत बघायची हौस नाही. मला तिथे कंटाळायचं आहे. रविवारी दुपारी काय करावं ते सुचत नाही, असा कंटाळा.

हे मराठी माणसाला सांगणं अवघड. मुलगी अमेरिकेला चालली म्हटलं की पेढे वाटतात, जर्मनीला म्हटलं की कोर्सची फी विचारतात. चीन म्हटलं की आधी शांतता आणि मग झुरळं. सत्तेचाळीस वर्षांच्या बाईनं म्हटलं तर नवऱ्याकडे सहानुभूतीनं बघतात. ‘चायनीज आवडतं होय तुला?’ असंही एकीनं विचारलं. आपल्याकडे चायनीज म्हणजे कोपऱ्यावरची लाल गाडी, ट्रिपल शेजवान आणि मुंबईत जन्माला आलेलं मंचुरियन. ज्याला आपण शेजवान म्हणतो तो सछ्वान प्रांत, त्याची राजधानी छंग्तू. तिथे आपली शेजवान चटणी कुणाला माहीत नाही.

भाषा शिकायला लागले तेव्हा एक गंमत कळली. चिनी उच्चारांचं मराठी माणसाला निम्मं आंदण मिळालेलं आहे. इंग्रज ज्या प-फ, त-थ, क-ख साठी घाम गाळतात ते आपल्याला बाराखडीतच मिळतात. त्याहून खास म्हणजे आपले दोन ‘च’. चिमणीतला वेगळा, चांगल्यातला वेगळा. हिंदीवाल्यांना हा दुसरा ‘च’ काही केल्या जमत नाही. चिनीत हे दोन्ही जसेच्या तसे आहेत. माझी ऑनलाइन शिक्षिका म्हणायची, तू हे कुठे शिकलीस? मी म्हटलं, चमच्यात.

सूर मात्र आंदणात आले नाहीत. एकच ‘माय’, आवाज खाली नेऊन वर उचलला की विकत घेणं, वरून धाडकन खाली टाकला की विकणं. खरेदी विभागातल्या बाईला याहून धोकादायक शब्द कोणता असेल? एकदा एका पुरवठादाराला मी ठामपणे सांगितलं की आमची कंपनी तुम्हाला पाच हजार सील विकणार आहे. तो इतका सभ्य की त्यानं भाव विचारला.

आणि अक्षरं. तिकडच्या सरकारनं २०१३ मध्ये काढलेल्या प्रमाण यादीत ८,१०५ अक्षरं आहेत आणि त्यातली पहिली ३,५०० रोजच्या वापरातली. मला आज ओढूनताणून नऊशे येतात. म्हणजे पेपर वाचताना मी एखाद्या मोडक्या पुलावरून चालल्यासारखी चालते. फळी, भोक, फळी, भोक, भोक, भोक.

२०१९ च्या ऑक्टोबरात साठवलेली रजा काढून मी तीन आठवडे छंग्तूला जाऊन राहिले. हॉटेलात न राहता एका बाईंच्या घरी खोली घेतली. साठीच्या, निवृत्त, एकट्या. त्यांना काय म्हणायचं, असं विचारलं तर म्हणाल्या, आयी म्हण. त्यांच्याकडे मावशीला, आणि मावशीच्या वयाच्या कुठल्याही परक्या बाईला, ‘आयी’ म्हणतात. माझी आई जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. पहिल्या दिवशी ती हाक माझ्या तोंडातून नीट निघाली नाही.

तिथे परदेशी माणूस कुणाच्या घरी उतरला तर चोवीस तासांत पोलीस चौकीत नोंद करावी लागते. दुसऱ्या दिवशी सकाळी आयी मला घेऊन गेल्या. काचेमागे एक तरुण हवालदार. त्यानं एक कागद सरकवला. कागदभर अक्षरं आणि त्यातली माझ्या ओळखीची असतील सहा-सात. मी एम.कॉम. आहे. वीस वर्षं करार वाचते, त्यातल्या बारीक अक्षरांतल्या अटी शोधून काढायचा मला पगार मिळतो. आणि मी त्या कागदाकडे बघत होते आणि तो कागद म्हणजे नुसती नक्षी होती. आयींनी माझ्या हाताचं बोट धरलं, कागदावर एका रेघेशी नेऊन टेकवलं आणि म्हणाल्या, ‘च-लि.’ इथे.

माझ्या अंगावर काटा आला. हे मी पाहिलेलं होतं, फक्त उलट्या बाजूनं.

माझं आजोळ मालवणकडे, आचऱ्याच्या बाजूला. मुंबईच्या मामाची मनीऑर्डर यायची तेव्हा पोस्टमन पडवीत बसायचा आणि आजीचा अंगठा घ्यायचा. मी मे महिन्याच्या सुट्टीत गेलेली आठ-नऊ वर्षांची, इयत्ता चौथी, शहाणी. आजीचा अंगठा धरून जांभळ्या शाईच्या डबीत मी बुडवायचे आणि कागदावर दाबायचे. ‘इथे गं आजी.’ ती कागदाकडे बघायचीच नाही, माझ्याकडे बघायची. मला वाटायचं, तिला लाज वाटते. चौकीत उभी असताना कळलं की तसं नव्हतं. कागदात बघण्यासारखं काही नसतंच मुळी. ज्याला वाचता येतं त्याच्या चेहऱ्याकडे बघायचं, तिथून कळतं फसवणूक आहे की नाही. मीही आयींच्या चेहऱ्याकडेच बघत होते.

आजी निरक्षर होती, म्हणजे तिला वाचता यायचं नाही असं मात्र नाही. एसटी स्टँडवर ती पाटी बघून गाडी ओळखायची. ज्या पाटीवर दोन पिशव्या टांगल्यासारख्या दिसतात ती कणकवलीची. ‘क’ची ती पिशवी मला तिच्यामुळे दिसली आणि नंतर कधी पुसली गेली नाही. छंग्तूत मी अगदी असंच करत होते. मेट्रोच्या फलकावर ‘रन’ शोधायचा. माणसाचं अक्षर, दोनच रेघा, फेंगडे पाय टाकून कुणी चालल्यासारखा. तो सुरुवातीला दिसला की ते रनमिन, पीपल्स पार्कचं स्टेशन. कुणाच्या घरासमोर, कुठल्या दुकानात काय लिहिलंय ते न कळता मी हिंडत होते आणि रंग, वास, माणसांचे हात यांच्याकडे जितकं लक्ष गेलं तितकं पुण्यात वीस वर्षांत गेलं नव्हतं. पुण्यात मी सगळं वाचते आणि काहीच बघत नाही.

त्या पहिल्या रात्री आयींनी मापो टोफू केला होता. पहिल्या घासाला तिखट लागलं, दुसऱ्याला ओठ झिणझिणले, जीभ बधिर झाली आणि त्या बधिरपणामागून एक वास आला, लिंबाच्या सालीसारखा, लाकडासारखा. मी चमचा खाली ठेवला. बांगड्याचं तिखलं! आजीच्या तिखल्यातली तिरफळं. स्वयंपाकघरात जाऊन बघितलं तर बरणीत हुबेहूब तशीच फळं, फक्त तांबूस. ‘ह्वाच्याव.’ नंतर शोधलं तर दोन्ही एकाच वंशातली, झँथोझायलम. आपलं तिरफळ कोकणातलं, गोव्यातलं, त्यांचं डोंगराळ सछ्वानमधलं. दोघांतही काळं कडू बी टाकून देतात आणि साल वापरतात. देशावरच्या माणसाला ही चव सांगून कळत नाही. आजोळ सुटून तीस वर्षांनी ती मला साडेतीन हजार किलोमीटरवर, एका अनोळखी बाईच्या डायनिंग टेबलावर भेटली.

आता इथे मला स्वतःला आवरायला हवं. ‘अय्या, अगदी आपल्यासारखंच!’ हा परदेशात फिरणाऱ्या मराठी माणसाचा जुना आजार आहे आणि मला तो जोरात होतो. त्यांच्याकडेही ‘जेवलीस का?’ हीच ओळखीच्या माणसाची विचारपूस. त्यांच्याकडेही काका, मामा, आत्या, मावशी यांना वेगवेगळे शब्द. इंग्रजीसारखं सगळ्यांना एका ‘अंकल’मध्ये कोंबत नाहीत. उलट ते आपल्याहून काटेकोर. वडिलांचा थोरला भाऊ वेगळा, धाकटा वेगळा. चुलतभावंडांना एक शब्द, आणि मामे, मावस, आते या सगळ्यांना मिळून दुसरा. बाळंतिणीला महिनाभर घरात, गार पाण्याला हात नाही. सर्दी, पोटदुखी, प्रेमभंग, सगळ्यावर उपाय गरम पाणी. आयींनी मला तीन आठवड्यांत थंड पाण्याचा घोट घेऊ दिला नाही. हे असं जमवत गेलं की चीन म्हणजे जरा लांबचं सदाशिव पेठ वाटायला लागतं.

ते तसं नाही. माझ्या फोनवर नेहमीची निम्मी संकेतस्थळं उघडत नव्हती. एका हॉटेलानं परदेशी लोक घेत नाही म्हणून दारातूनच परत पाठवलं होतं. काही विषय आले की आयींच्या घरी येणाऱ्या मैत्रिणी चहाच्या कपात बघायच्या. अगदी सहज, सवयीनं. आणि माझ्या देशाबद्दल त्यांना तीनच गोष्टी माहीत होत्या: उकाडा, हातानं जेवणं आणि बायकांवरचे अत्याचार. तिसऱ्यावर मी काय बोलणार? रात्री अकराला मी एकटी चालत घरी येत होते आणि मागे कुणी आहे का ते बघत नव्हते. तिसऱ्या-चौथ्या रात्री ते लक्षात आलं, तेव्हा आनंद झाला आणि लगेच रागही आला. कुणाचा, ते नक्की सांगता येणार नाही.

तर, दुपार. पीपल्स पार्कमध्ये जुनं चहाघर आहे. झाडांखाली बांबूच्या खुर्च्या, झाकण-वाटी-बशी अशा तीन तुकड्यांच्या पेल्यात मोगऱ्याच्या वासाचा चहा. एकदा पैसे दिले की दिवसभर बसा. लांब नळीच्या किटल्या घेऊन माणसं येऊन गरम पाणी ओतत राहतात. लोखंडी चिमटा टणत्कार करत वाजवत कान कोरणारे फिरतात. गिऱ्हाईक डोळे मिटून खुर्चीत पसरतं आणि शेजारी चौघं माजाँगच्या सोंगट्या खळखळ फिरवत असतात. नुसत्या गप्पा छाटत बसण्याला तिथल्या बोलीत मोठा दणदणीत वाक्प्रचार आहे, पाय लोंगमनचन. एका दुपारी आयींनी माझ्या नावाचा अर्थ विचारला. वर्षा, म्हणजे पाऊस. त्यांनी बोट चहात बुडवून टेबलावर अक्षर काढलं. ‘यू.’ वर आडवी रेघ, खाली खिडकीसारखी चौकट, चौकटीत चार थेंब. म्हणाल्या, हे तुझं नाव. इथला पाऊस रात्री पडतो. तू फू इथेच राहत असताना रात्रीच्या पावसावर कविता करून गेलाय. तू फू आठव्या शतकातला कवी, युद्धानं आणि दुष्काळानं हुसकून लावलेला. छंग्तूत गवताच्या छपराच्या घरात चारेक वर्षं राहिला. तो पण इथला नव्हता, आयी म्हणाल्या. टेबल वाळलं आणि माझं नाव उडून गेलं.

मी सोलापुरात वाढले, त्यामुळे चीन म्हटल्यावर डॉ. कोटणीसांचं नाव येणारच. द्वारकानाथ कोटणीस, जन्म १९१०, सोलापूर. १९३८ मध्ये जपानशी लढणाऱ्या चीनला मदत म्हणून काँग्रेसनं पाच डॉक्टर पाठवले, त्यातले हे एक. बाकीचे परतले, हे राहिले. चिनी शिकले, ग्वो छिंगलान या परिचारिकेशी लग्न केलं, मुलाचं नाव ठेवलं यिनह्वा. यिन म्हणजे हिंदुस्थान, ह्वा म्हणजे चीन. १९४२ च्या डिसेंबरात, बत्तिसाव्या वर्षी, अपस्माराच्या झटक्यांनी गेले. शाळेत दरवर्षी हे ऐकायचो आणि दरवर्षी मला तोच प्रश्न पडायचा, त्यांना भाकरी आठवत असेल का?

आता वाटतं, त्यांच्याशी माझी तुलना करणं हा आगाऊपणा आहे. त्यांना चीनची स्वप्नं पडत नव्हती. काम होतं म्हणून गेले आणि कामानं त्यांना तिथलं केलं. मला तिथे काहीच काम नाही. माझा तिथे उपयोग काय, असा प्रश्न तिथल्या व्हिसाच्या नियमांनाही पडतो. नोकरीचा व्हिसा हवा तर तिथल्या मालकानं तुम्हाला बोलवायला हवं. इंग्रजी शिकवायला जावं तर सहसा इंग्रजी ज्यांची मातृभाषा मानतात अशा मोजक्या देशांचे पासपोर्ट लागतात, आपला चालत नाही. कायमचं तिथलं होणं तर जवळजवळ नाहीच. २०१० च्या जनगणनेत परदेशी जन्मून चिनी नागरिक झालेले लोक होते १,४४८. एवढी माणसं आमच्या पंचक्रोशीतल्या जत्रेत चपला हरवतात.

पण नागरिकत्व मागतंय कोण? मी मागतेय ते अडाणीपण. इथे मला सगळं येतं असं सगळे धरून चालतात. घरी, ऑफिसात, सोसायटीच्या मीटिंगमध्ये. माझ्याकडे कागद येतात आणि मी सही करते. तिथे मला मुलांच्या पाटीवरची अक्षरं येत नाहीत आणि भाजीवाली माझा उच्चार दुरुस्त करते. पन्नाशीला टेकलेल्या बाईला कुणी रोज काही शिकवतं, हे सुख मला पुण्यात कुठे मिळणार? सातव्या शतकात श्वानचांग, म्हणजे आपल्या इतिहासाच्या पुस्तकातला ह्युएन त्संग, तिकडून चालत इकडे आला, चाळिशी गाठेपर्यंत इथली व्याकरणं गिरवत राहिला. आपल्या महाराष्ट्रातही येऊन गेला. इथले लोक उपकार विसरत नाहीत आणि अपमानही विसरत नाहीत, असं लिहून ठेवलंय त्यानं. आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेला बसला होता की काय, न कळे. त्याचं निदान पोथ्यांचं काम होतं. तेवढीही सबब माझ्याकडे नाही.

२०२० आलं. आधी वुहानची बातमी, मग विमानं बंद, जूनमध्ये गलवान, आणि त्या महिन्याच्या शेवटी ५९ अ‍ॅपांवर बंदी. त्यात वीचॅट होतं. आयींशी माझा सगळा संवाद त्यावर. त्यांचे सकाळचे आवाजी निरोप, भाजीचे फोटो, माझ्या चुकीच्या वाक्यांवर केलेल्या दुरुस्त्या. एका सकाळी ते उघडेना. मला तक्रार करायची नाही. गलवानमध्ये नुकतेच आपले वीस जवान गेले होते आणि माझ्या गप्पा बंद पडल्या, हे बोलून दाखवण्याची लाज वाटावी असे ते दिवस होते. मी कुणाकडेच बोलले नाही. ऑफिसात कुणी ईशान्येकडच्या इंटर्न मुलीला ‘कोरोना’ म्हणून हाक मारली, तेव्हा मात्र भांडले. चिनी पुस्तक ट्रंकेत टाकलं. आठेक महिन्यांनी आयींच्या भाचीचा ईमेल आला. मावशी विचारते, पावसाचं काय चाललंय?

तेव्हापासून आम्ही पत्र लिहिल्यासारखे ईमेल लिहितो, महिन्याला एखादा. भाची त्यांनी कागदावर लिहिलेल्या ओळींचा फोटो पाठवते. मला एक पान वाचायला दोन संध्याकाळी लागतात.

गेल्या वर्षी, २०२५ मध्ये, एक योग आला. त्यांचा चंद्राचा सण आठव्या महिन्याच्या पौर्णिमेला असतो, आणि तो बहुतेक वेळा आपल्या कोजागिरीच्या एक पौर्णिमा आधी येतो. पण त्यांच्या पंचांगातही आपल्यासारखाच अधिक महिना असतो, जवळजवळ त्याच नियमानं: ज्या चांद्रमासात सूर्याचं ठरावीक संक्रमण होत नाही तो जास्तीचा. फक्त आपण तारे धरून मोजतो आणि ते ऋतू धरून, म्हणून दोघांचे अधिक महिने एकाच वेळी येतीलच असं नाही. २०२५ मध्ये त्यांचा सहावा महिना अधिक होता, आपला अधिक जेष्ठ थेट २०२६ मध्ये. त्यामुळे त्यांचा सण पुढे सरकला आणि ६ ऑक्टोबरला कोजागिरी आणि त्यांची पौर्णिमा एकाच रात्री पडली. हे गणित मला जमल्यावर मी नवऱ्याला झोपेतून उठवून सांगितलं. तो म्हणाला, बरं.

त्या रात्री गच्चीवर मसाला दूध आटवलं. ढग होते, चंद्र अधूनमधून दिसत होता. आयींनी पाठवलेल्या फोटोत मूनकेकचे चार तुकडे आणि बशीशेजारी कागदाचा कपटा. त्यांच्याकडे तोच चंद्र आपल्याहून अडीच तास पुढच्या घड्याळात होता. कपट्यावर लिहिलं होतं, खोली रिकामी आहे, गुडघे दुखतात, आणि तिसरी ओळ मला लागली नाही. अजून लागलेली नाही. त्यातलं एक अक्षर त्यांनी इतकं गिचमिड काढलंय की कोशात शोधायला त्याचं मूळ अंगच सापडत नाही. भाचीला विचारता येईल. विचारलं नाही.

महिनाअखेर पाच वर्षांनी थेट विमानं सुरू झाली. पहिलं कोलकात्याहून ग्वांगचौला. मी रजा मोजली, तीस दिवस निघाले. कायमचं राहायला जाण्याच्या स्वप्नाचे तीस दिवस. नवऱ्यानं विचारलं, परत येणार ना? मी म्हटलं, ईएमआय कोण भरणार?

व्हिसाचा अर्ज मोबाइलवरच भरायला बसले. त्यात एक चौकोन आहे: चिनी नाव, असल्यास. २०१९ मध्ये मी तो रिकामा सोडला होता. या वेळी कळफलक बदलून ‘यू’ टाइप केलं आणि वर अक्षरांची रांग उभी राहिली. मासा, जेड, बोलणं, आणखी चार-पाच मला न येणारी, सगळ्यांचा उच्चार ‘यू’, सगळी मुंगीएवढी. चष्मा शोधला. स्टँडवर आजी जशी डोळ्यांवर हात धरून पाट्या न्याहाळायची तशी मी एकेक न्याहाळत गेले. चौकटीत चार थेंब दिसले तसा त्यावर अंगठा टेकवला.